तीन ते चार वयोगटातली भांडणं

मानवजातीचं भवितव्य बालवाडीत घडतं. ते घडत असताना बालवाडीच्या ताईला वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसावं लागतं, आणि अठरा वर्षांत तिचे गुडघे जातात. आमच्या या ताईंच्या बालवाडीत मोठ्या माणसाच्या मापाची खुर्ची एकच होती, मुख्याध्यापिकेची. त्या निवृत्तीला टेकल्या होत्या आणि त्यांच्या जागेसाठी बालशिक्षणातली एम.ए. लागत होती. ताईंनी सत्तेचाळिसाव्या वर्षी नाव घातलं.

"या वयात कशाला गं?" सासूबाईंनी विचारलं.

"गुडघ्यांसाठी."

"मग डॉक्टरकडे जा की."

"त्यांनीच सांगितलंय, खाली बसू नका म्हणून."

प्रबंधाचा विषय मार्गदर्शक मॅडमनी दिला : ‘मोठ्यांच्या हस्तक्षेपाविना तीन ते चार वर्षांच्या मुलांमधील भांडणांचा कालावधी’. मॅडम ताईंहून बऱ्याच लहान होत्या आणि त्यांच्याकडे फिरती खुर्ची होती. नियम साधा होता. कॅमेरा लावायचा, कोपऱ्यात बसायचं, भांडण किती वेळ चालतं ते मोजायचं, आणि काही झालं तरी मध्ये पडायचं नाही.

पोरांनी भांडू नये म्हणून जन्मभर घसा कोरडा केलेल्या ताई आता भांडणाची वाट बघत बसल्या. पोरं साधुसंतांसारखी वागू लागली. "घे, तू आधी." "नको, तूच घे." ताईंनी दोनातली एक तीनचाकी हळूच अडगळीत ढकलली, तर मुलांनी रांग लावली. रांग त्यांनीच शिकवली होती, बोलणार कुणाला! घरी भांडणं भरपूर होती, पण वयोगट बसत नव्हता.

मग एकदाचं लाल बादलीवरून जुंपलं. ओढाओढ झाली, आरडाओरडा झाला, एकाने तर चावायला तोंड उघडलं. ताईंनी घड्याळ सुरू केलं आणि सवयीने नुसत्या खाकरल्या. उघडलेलं तोंड मिटलं. बादली मधोमध ठेवली गेली आणि दोघंही हाताची घडी घालून बसले.

"तुम्ही खाकरलात," चित्रण बघून मॅडम म्हणाल्या.

"सवय हो, मॅडम."

"अहो, हा हस्तक्षेप झाला! आणि इथे भुवई उचललीत. इथे तर नुसता श्वास घेतलात, तरी पोरगं दचकलंय. सगळी निरीक्षणं बाद."

ताई चिडल्या नाहीत. नीट चिडायचं तर उभं राहावं लागतं. "मग सोडून देऊ का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मॅडमही दमलेल्याच होत्या. त्यांनी चित्रण मागे नेऊन ते मिटणारं तोंड पुन्हा एकदा पाहिलं.

"विषय बदलू या," त्या म्हणाल्या. "‘मोठ्यांच्या निव्वळ उपस्थितीचा मुलांच्या भांडणांवरील परिणाम.’ बाद झालेलं सगळं चालेल."

"सगळं?"

"खाकरण्याला तर वेगळं प्रकरण द्या."

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच फर्माईश केली, "जरा खाकरून दाखवता का?" ताई खाकरल्या. परीक्षकांनी टेबलावरची कोपरं खाली घेतली आणि सही केली.

नव्या वर्षी ताई मुख्याध्यापिका झाल्या. सध्या छोटा गट त्याच घेतात, कारण त्यांच्या जागी आलेली ताई एम.ए. करायला दोन वर्षांच्या रजेवर गेली आहे.