उजव्या हाताला पाणी

गुणाजीला अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं होत आली होती. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एकाच दुपारी गेली. तेव्हापासून अख्खं वरसे गाव विमलबाईचं नाव घेत होतं. नवऱ्याला न्हाऊ घालते, घास भरवते, चाकाच्या खुर्चीत बसवून रोज संध्याकाळी रस्त्यापर्यंत फिरवून आणते. एवढं कोण करतं हल्ली?

ती करायची हे खरंच होतं. पण तिच्या उजव्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीखाली काय होतं ते कुणी पाहिलं नव्हतं. गुणाजीचा डावा हात शाबूत होता. घास गरम लागला की चिमटा. कपडे बदलायला उशीर झाला की चिमटा. जुना डाग पिवळा पडेपर्यंत शेजारी नवा निळा उमटलेला असे.

मार्चमध्ये ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल निघायची होती. मंडळाचे चिटणीस पुंडलिक मास्तर घरी येऊन सांगून गेले, “वडखळच्या अंगाला ती नवीन मौजनगरी झालीय ना, तिथं जातोय. चाकाच्या खुर्चीला सगळीकडे उताराची वाट केलीय म्हणे. गुणाजीरावांना घेऊन याच, वहिनी. घरात बसून माणूस कुजतो.”

कोपऱ्यातल्या खाटेवरून गुणाजीनं जोरजोरात मान हलवली. नको. पंचवीस वर्षं कंपनीत शिफ्ट सांभाळलेला माणूस, ज्यांच्यावर ओरडला त्यांच्यासमोर लाळ गाळत बसायला तयार नव्हता. विमलबाई त्याच्या मानेकडे बघत राहिली आणि मग मास्तरांना म्हणाली, “येतो आम्ही. दोघांची नावं लिवा.”

बस सकाळी सातला सुटली. खांब गावच्या फाट्यावर आणखी दोन जोडपी चढली आणि सगळे स्थिरावले तसे मास्तर माईक घेऊन उभे राहिले. आधी सूचना सांगितल्या, मग म्हणाले, “आपल्यात एक माउली बसलीय. विमलवहिनी. सेवा काय असते ते यांच्याकडून शिकावं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच गुणाजीची दोन बोटं तिच्या दंडाशी आली, मांस पकडलं आणि पिरगाळलं. विमलबाई तशीच हसत राहिली. मागच्या बाकावरची शेजारीण रंभा कौतुकानं म्हणाली, “बघा, कसा हात धरलाय बायकोचा.”

मौजनगरी खाडीच्या भरावावर उभी होती. भरावाखाली पूर्वी मिठागरं होती, हे विमलबाईला कुणी सांगायला नको होतं. ती त्याच बाजूची. तिचा बाप मिठागरात राबायचा, आणि तीही लग्नापर्यंत डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत होती. गुणाजीच्या घरी भाताची आणि वालाची शेती होती, त्यामुळे लग्न झाल्यापासून तिला एकच नाव पडलं. खारटाची पोर.

दारात निळ्या टी-शर्टातल्या पोरींनी मनगटाला कागदी पट्टे बांधले आणि मंडळी पांगली. रंभानं विमलबाईचा हात धरला. “चल गो, मोठ्या पाळण्यात बसू.”

“ह्यांना सावलीत बसवून येते. तू हो पुढं.”

खाण्याच्या टपऱ्यांच्या मागं एक भिंत होती. तिथं कुणी फिरकत नव्हतं. भिंतीची सावली ऐसपैस पडली होती आणि जमीनही सपाट होती. विमलबाईनं खुर्ची भिंतीकडे तोंड करून लावली आणि चाकांचे दोन्ही खटके दाबले. मग तिनं वर पाहिलं. मीठ पिकवणाऱ्याच्या पोरीला ऊन कळतं. साडेदहा होत होते. अकराला सावली गुडघ्याशी येणार होती, साडेअकराला भिंतीत शिरणार होती, आणि त्यानंतर तीन तास तिथं माणसाच्या डोक्यावर काही असणार नव्हतं.

तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. क्षणभर हातात धरली. मग खुर्चीच्या उजव्या बाजूला, त्याच्या मेलेल्या हाताशी, नीट टेकवून ठेवली.

गुणाजीनं बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला कळलं होतं. झटक्यानं जीभ नेली होती, अक्कल नेली नव्हती.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी विमलबाई भावाच्या, नाथाच्या लग्नाला माहेरी गेली होती आणि एक दिवस उशिरा परतली होती. गुणाजी सकाळच्या पाळीला निघाला होता. त्यानं तिला अंगणाच्या मधोमध उभं केलं. “मी येईपर्यंत इथून हलायचं नाय,” म्हणाला. वैशाखाचे दिवस होते. सासू धोंडुबाई ओटीवर बसून सुपारी कातरत होती, तिनं डोळा वर केला नाही. गुणाजी चारला परत आला, तेव्हा विमलबाई उभीच होती. तिला तिसरा महिना होता. चौथा लागला नाही, आणि पुढंही कधी काही लागलं नाही. मग मूल होत नाही म्हणून वीस वर्षं वेगळा मार मिळाला.

“मी येईपर्यंत इथून हलायचं नाय,” विमलबाई आता म्हणाली. आवाज चढवला नाही. मग पदर खोचून रंभाच्या मागं गेली.

ती सगळ्यात बसली. मोठ्या पाळण्यात बसली, गोल फिरणाऱ्या बशीत बसली, पाण्याच्या घसरगुंडीवरून साडीसकट खाली आली. पाळण्यातून खाडी दिसली. लांब, खारफुटीच्या पलीकडे, अजून शिल्लक असलेली मिठाची चौकटी शेतं दिसली आणि त्यांत वाकलेली माणसंही. रंभा डोळे मिटून किंचाळत होती. विमलबाई डोळे उघडे ठेवून बसली होती. साठ वर्षांच्या आयुष्यात इतक्या उंच ती गेली नव्हती आणि तिला भीती अशी वाटलीच नाही. खाली टपऱ्यांची पत्र्याची छपरं चकाकत होती. त्यांच्यामागची भिंत काही दिसली नाही. साडेअकरा झाले, बारा झाले. दर वेळी पाळण्यातून उतरताना तिच्या मनात येई, आता कपाळ तापलं असेल. आता ओठ सुकले असतील. आणि त्या विचारासरशी पाय पुढच्या रांगेकडे वळत.

“भाऊजी एकटेच हायेत गो,” रंभा मध्येच म्हणाली. “बघून येऊ?”

“झोपलेत. आत्ताच बघून आले.”

जेवणाची हाक झाली तेव्हा एक वाजून गेला होता. विमलबाई टपऱ्यांच्या मागं गेली. भिंत होती, ऊन होतं, बाटली जमिनीवर आडवी पडली होती. खुर्ची नव्हती.

कुणी पाहिलं? काय पाहिलं? आता मास्तरांना काय सांगायचं, वरशात काय तोंड दाखवायचं? गुणाजीचं काय झालं असेल हा प्रश्न बऱ्याच उशिरा आला, आणि आला तेव्हा तिला स्वतःचंच नवल वाटलं.

ती बाहेर येऊन शोधू लागली. एका कालव्यात उतारावरून नावा सोडायचा खेळ होता, तिथं गर्दी जमली होती. बाजूला तिच्या ओळखीची खुर्ची उभी होती, रिकामी. गर्दीच्या आतून एक चमत्कारिक आवाज येत होता, गुरासारखा, घशातून फुटलेला. मेला की काय, असं मनात येऊन ती वाट काढत पुढं झाली.

गुणाजी नावेत होता. पुढच्याच बाकावर, छातीला दोन पट्टे आवळून बसवलेला. त्याच्या उजव्या अंगाला निळ्या टी-शर्टातली तिथली एक पोरगी त्याला कवेत धरून बसली होती. नाव वरच्या उतारावरून सुटली, सपाट्यानं खाली आली आणि पाण्याचा मोठा पडदा दोघांच्या अंगावर उडाला. पुन्हा तो आवाज आला. गुणाजी हसत होता.

विमलबाई जागच्या जागी उभी राहिली. संसाराला अडतीस वर्षं झाली होती. तिला त्याचं खेकसणं माहीत होतं, मित्रांत बसून तिच्यावर केलेलं हसणं माहीत होतं. हे हसणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. असं हसणं त्याच्या आत होतं, आणि त्यातलं तिच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. आज अडीच तास तिनं मनात त्याला भाजत ठेवलं होतं. आणि त्या उन्हातून तो या नावेत येऊन बसला होता.

तिथल्या दोन पोरांनी त्याला उचलून खुर्चीत ठेवलं. कपाळ आणि नाक लालबुंद झालं होतं, ओठांवर पांढरे पापुद्रे आले होते. तरी तोंड हसरंच होतं.

“तुम्ही यांच्या कोण?” पोरीनं विचारलं.

“बायको.”

“आजी, हे भर उन्हात बसले होते. मी टपरीचा कचरा टाकायला गेले म्हणून दिसले. तुम्ही कुठे होता?”

“जरा पाय मोकळे करायला गेले होते, बाळा. तेवढ्यात ऊन फिरलं बघ.”

पोरीनं गुणाजीच्या हातांकडे पाहिलं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. “यांचा डावा हात चालतो ना?”

“व्हय.”

“बाटली उजवीकडे ठेवली होती.”

आजूबाजूला मंडळातली चार माणसं येऊन उभी राहिली होती. मास्तरही होते. विमलबाई त्या पोरीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “म्हातारी झाले मी. डावं उजवं सुचत नाय कधी कधी.”

“त्यांचं सगळं त्याच बघतात, दिवसरात्र,” मास्तर मायेनं म्हणाले. “एखाद वेळी होतं असं.”

पोरीनं एकदा मास्तरांकडे पाहिलं. तिनं गुणाजीच्या गळ्याखाली टॉवेल खोचला. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि कालव्याकडे बोट केलं. तोंड वेडंवाकडं करत, सगळा जोर लावून त्यानं एक शब्द बाहेर काढला.

“पत. पत.”

“परत? परत बसायचंय?” पोरगी हसली. दोन वर्षांत त्याच्या तोंडून शब्द म्हणावा असं काही पहिल्यांदाच आलं होतं. मास्तरांचे डोळे भरून आले. “आता जेवणाची वेळ आहे, रांग नाही. लगेच नेते. आजी, तुम्हीपण या. दुसऱ्या बाजूनं तुम्ही धरा त्यांना.”

गुणाजीनं विमलबाईकडे पाहिलं. त्या नजरेत दरारा नव्हता, राग नव्हता. तो तिची परवानगी मागत होता. अडतीस वर्षांत त्यानं तिच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

“नको,” विमलबाई म्हणाली. “बीपी हाय त्यांना. डॉक्टरनं सांगितलंय, धक्का बसता कामा नये. एकदा झालं तेवढं पुरे.”

डॉक्टरनं असं काही सांगितलं नव्हतं. तिनं खुर्ची वळवली. गुणाजीनं चांगला पाय खाली टेकून ती अडवली. पायातली चप्पल निघून मागं राहिली. विमलबाई वाकली, चप्पल उचलली, त्याचा पाय धरून खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवला, चप्पल घातली आणि खुर्ची ढकलत फाटकाच्या दिशेनं निघाली. सगळ्यांच्या देखत तिनं त्याच्या पायाला हात लावला होता. मागून रंभा कुणाला तरी म्हणाली, “बाई नाय, देवी हाय.”

परतीच्या बसमध्ये गुणाजी रडत होता. नागोठणं आलं तरी थांबला नाही. मास्तरांनी पुन्हा माईक घेतला आणि म्हणाले, “आज गुणाजीरावांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आहेत.” बस टाळ्यांनी भरून गेली. खिडकीशी बसलेल्या विमलबाईनं नवऱ्याचं तोंड पदरानं पुसलं. भाजलेल्या कपाळावरून पदर जरा जोरातच फिरवला.

त्या दिवसानंतर गुणाजीनं तिला चिमटा घेतला नाही. हे तिच्या चार दिवसांनी लक्षात आलं. आता तो तिच्या दंडावरून हात फिरवायचा, हळू, मांजराला गोंजारावं तसा, आणि म्हणायचा, “पत.” सकाळी चहा पाजताना म्हणायचा, अंग पुसताना म्हणायचा. तिला तो हात सोसवेना. डाग पडत होते तेच बरं होतं, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

रंभा म्हणाली, “ने की गो एकदा. एक रिक्षा केली तर दुपारी परत. माझा सखा येईल उचलायला.” सखा तिचा थोरला मुलगा.

“तिथं चाकाची खुर्ची आत घेणं बंद केलंय,” विमलबाई म्हणाली. “फोन केला होता मी.”

खाटेवरून गुणाजी ऐकत होता. त्याचा हात थांबला.

एप्रिलच्या एका सकाळी पेपरात मौजनगरीची पानभर जाहिरात आली. झटक्यापासून गुणाजीला अक्षरं लागत नव्हती, पण चित्रं कळत होती. चित्रात कालवा होता, नाव होती, आणि खाली कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीतली एक म्हातारी हसत बसली होती. विमलबाई मोरीतून हात पुसत आली तेव्हा त्यानं पेपर छातीशी धरला होता. तिला बघून त्यानं तो पुढं केला, त्या म्हातारीवर बोट ठेवलं, आणि थांबला. या वेळी शब्दही काढला नाही. नुसता बघत राहिला.

विमलबाईनं जाहिरात नीट पाहिली. तिला नेता आलं असतं. ते दोघांनाही माहीत होतं, आणि आता ते एकमेकांना माहीत आहे हेही दोघांना माहीत होतं.

तिनं त्याच्या बोटांतून पेपर सोडवून घेतला. खाली बसली, पेपर समोर पसरला आणि मोड आलेल्या वालाचं पातेलं पुढ्यात ओढलं. एकेक वाल चिमटीत दाबून ती सोलू लागली. पांढरे दाणे वाटीत पडत होते, ओली सालं चित्रातल्या नावेवर.

“आज बिरडं करते,” ती म्हणाली. “तुम्हाला आवडतं ना.”