एक वीत काडी

१९८४च्या मार्चमध्ये जागेश्वरमामा गेला त्या सकाळी चिखल्याच्या खाण वसाहतीतल्या खोलीत दोन खाटा, दोन ताटं, मासे धरायचं एक जाळं आणि सहा माणसं होती: मी, वच्छलामामी, शेजारचे गोपीचंद आणि बाबूलाल, एकोडीहून आलेला मामाचा थोरला भाऊ टिकाराम, आणि मामा. काविळीपुढे तो अकरा दिवस टिकला.

जाळं आठ वर्षं कोरडं होतं. मामा जातीचा ढीवर, गावच्या तलावावर मासे धरणारा. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मामा-मामीने एकमेकांना सांगितलं होतं की अंगाला अंग लागावं असं आपल्याला वाटतच नाही. ऐकून दोघांनाही सुटल्यासारखं झालं, असं मामी सांगायची. चार वर्षं मूल नाही म्हणून घरच्यांनी विचारलं, तेव्हा मामाने खरं ते सांगून टाकलं. पंच बसले. काडीमोड ठरली. वीतभर पळसकाडीची दोन टोकं नवरा-बायकोने धरायची आणि मोडायची, की नातं संपलं.

मामाने टोक धरलं, पण काडी मोडली नाही. म्हणाला, "मले हिच्यासंगं निजाचं नाही, अना हिच्याबिगर उठाचंबी नाही."

लोक हसले. मग बहीण मान तिले, असं कुणीतरी म्हणालं. मामीने काडी पदरात बांधली आणि दोघं निघाले. जात तुटली, तलाव बंद झाला. मामा खाणीत लागला.

आता बाहेर टिकारामसोबत आलेले जातीचे चौघे उभे होते. टिकाराम रडत होता.

"वच्छले, आता तरी मोड ते काडी. हे चौघं खांदा देतेत. माह्या भावाले गावची माती भेटन. तुलेबी कोणी पुसन."

मामी मामाच्या पायाशी बसली होती. "जित्यासंगं मोडली नाही जी. मेल्यावर कायले मोडू?"

टिकाराम उठला. आठ वर्षांत ती कधीचीच मोडली असेल, ही उगाच सोंग करते, असं दारात म्हणाला आणि त्या चौघांसोबत निघून गेला.

खांदे तीनच उरले. चौथा मी देते, मामी म्हणाली. पदरातली ती काडी तिने पुढे जाळ्याच्या गाठीत जपली होती; तिथून तिने ती सोडवली आणि मामाच्या छातीवर ठेवली. माझ्या खिशात मोजपट्टी होती. मी ती काडीला लावली.

एकवीस सेंटिमीटर. वीतभर, सलग.