लागू नसेल ते खोडावे

"मावशी, हे पत्र तुमच्या लेकाने लिहिलंय?" झेरॉक्सवाल्याने कागद उजेडात धरला. "भाषा तर थेट तुमची वाटते."

"माझीच आहे. मसुदा मीच पाठवला होता," टायपिस्टबाई म्हणाल्या. "त्याने सही करून धाडलाय."

व्हिसाच्या कचेरीसमोर, जिन्याखाली, त्यांचे टेबल सव्वीस वर्षे होते. आधी खडखडणारे टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. मुलांकडे निघालेल्या कितीतरी आयांचे कागद त्यांनी लावून दिले. बँकेचा दाखला, घराचा उतारा, परतीचे तिकीट आणि शेवटी मुलाचे निमंत्रणपत्र. त्या पत्रात एक ओळ त्या हमखास घालत: ‘आईला/वडिलांना येथे कायमचे ठेवून घेण्याचा माझा विचार नाही. मुदत संपताच मी त्यांना परत पाठवीन.’ ती वाचून एखादीचा चेहरा उतरला, की बाई म्हणत, "मनाला लावून घेऊ नका हो. साहेबाची खात्री पटावी लागते. कागद आहे नुसता."

आता पाळी त्यांची होती. लेकाला पाहून नऊ वर्षे झाली होती. सहा वर्षांच्या नातीला त्यांनी अजून मांडीवर घेतले नव्हते. उद्या दहाला मुलाखत. कागदात खोट निघाली तर पुन्हा वर्षभर थांबायचे, आणि गुडघे आताच जिना नको म्हणत होते.

मसुदा पाठवला तेव्हा त्यांना वाटले होते, त्या ओळीशी तो अडखळेल. फोन करील, म्हणेल, "आई, हे काय लिहायला लावतेस?" त्यावर काय बोलायचे तेही त्यांनी ठरवून ठेवले होते. दोन दिवस फोन ड्रॉवरबाहेर, हाताशी ठेवला. तिसऱ्या दिवशी सही केलेले पत्र आले. तारीख बरोबर, पत्ता बरोबर.

"पण ‘वडिलांना’ तसंच राहिलंय की," झेरॉक्सवाला म्हणाला. "लागू नसेल ते खोडावे, असं तुम्हीच जगाला बजावता."

त्यांनी फोन लावला.

"बोल आई, पटकन. निघालोय कामाला."

"पत्रात ‘वडिलांना’ खोडायचं राहिलं बघ."

"अगं, मग तूच खोड ना. तू लिहिलंयस म्हटल्यावर मी वाचलंही नाही."

"वाचलं नाहीस?"

"नाही गं. का? काही चुकलंय?"

"नाही रे. सगळं बरोबर आहे. जेवत जा वेळेवर."

त्यांनी फोन परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

"काय म्हणाला?"

"वाचलंच नाही म्हणे."

"मग बरंच झालं की," झेरॉक्सवाला म्हणाला आणि मग आवाज उतरवून, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. कागद आहे नुसता."

बाई हसल्या. स्वतःचीच वाक्ये अशी परत येतील असे त्यांना कधी वाटले नव्हते.

त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली, पेनचे टोक रद्दी कागदावर घासून पाहिले. खोडताना गिरगटायचे नाही. एकच सरळ रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, हा त्यांचा नेम. नवरा जाऊन चार वर्षे झाली होती. तेव्हा लेकाला येता आले नव्हते, आणि टेबल त्यांनी पाचव्या दिवशी उघडले होते.

पट्टी धरून त्यांनी रेघ ओढली. खालचे ‘वडिलांना’ स्वच्छ दिसत होते. शेजारी ‘आईला’ एकटेच उरले.

"घे," त्या म्हणाल्या, "दोन प्रती काढ. एक साहेबाला, एक मला."