गाणाऱ्या खोलीतली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. वाजवायची बरं का, कपड्यांची नव्हे! एका कसबी कारागिराने मला घडवले. सागवानी अंग, पितळी सूर आणि पाठीशी श्वास घेणारा भाता, असे माझे रूप होते. एका नर्सबाईंनी मला विकत घेऊन कामगार वस्तीतल्या खोलीत आणले. त्या वस्तीत सगळेच पोटापाण्यासाठी आलेले परके. रविवारी संध्याकाळी नर्सबाई मला उघडत आणि येईल त्याला गायला बसवत.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई दारात घुटमळली. नवऱ्याच्या नोकरीपायी ती नुकतीच शहरात आली होती. नवरा दिवसभर बस चालवायचा. ही घरात एकटी, बोलायला फक्त चार भिंती.

"दारात का उभ्या? आत या ना," नर्सबाई म्हणाल्या.

"मला नाही हो गाता येत."

"अहो, इथं कुणाला येतंय? हे गवंडीदादा गायला लागले की कावळेसुद्धा उडून जातात!"

सगळ्यांत मोठ्याने गवंडीदादाच हसले. तीही हसली आणि आत येऊन बसली.

कित्येक रविवार ती नुसतेच ओठ हलवायची. मग एकदा हळूच म्हणाली, "माझ्या आईचं एक गाणं आहे. म्हणू?"

तिची बोली कुणालाच कळेना. पण दुसऱ्या कडव्याला सगळ्यांनी धृपद उचलले, चुकतमाकत का होईना! ती शेवटच्या कडव्यापर्यंत गात राहिली. त्या दिवशी घरी जाताना जिन्यावर ती बायकांशी इतकी बोलत होती की मला वरपर्यंत ऐकू येत होते.

पुढे नर्सबाई थकल्या आणि लेकीकडे राहायला गेल्या. गाणे बंद पडले. माझी रवानगी जिन्याखाली झाली. अंगावर रंगाचे डबे आले, उंदरांनी भाता कुरतडला. एके दिवशी घरमालकाने मला भंगारात काढले.

"हात लावू नका तिला!" शिवणवाल्या बाई ओरडतच धावत आल्या. गवंडीदादांच्या मदतीने त्यांनी मला घरी नेले आणि भात्याला ठिगळ लावले. आता रविवारी त्यांच्याच घरी गाणे असते.

माझा एक सूर मात्र कायमचा गेला. ती जागा आली की सगळे आवाज चढवून ती भरून काढतात. मित्रांनो, जुन्या वाद्याला अडगळीत टाकू नका. आणि दारात कुणी नवखे उभे दिसले, तर गाता येते का, असे विचारू नका. थोडे सरका आणि जागा द्या.