अजून ‘आधी’च असलेली खुर्ची

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तीस वर्षं मी एका दवाखान्यात काढली. “रोज चालायला जातो” असं डॉक्टरांना सांगायचं ठरवून आलेले कितीजण माझ्यावर बसून गेले, ते मला विचारा.

पुढे माझ्या बैठकीचा वेत तुटला, मागचा एक पाय मोडला. एके काळी माझं कौतुक करणाऱ्या डॉक्टरांनीच मला एका म्हाताऱ्या सुताराकडे पाठवलं. “सवडीने करा,” असा निरोप होता. इतकी सवड मिळालेली वस्तू कुठे जाते, तुम्हाला ठाऊक आहेच. मी कोपऱ्यात गेले.

सुताराचा हात फार चांगला, पण गिऱ्हाईक आटत चाललं होतं. या हंगामात मोठं काम आलं नाही तर दुकान बंद करायचं, असं तो सुनेला म्हणाल्याचं मी ऐकलं. सून खटपटी होती. तिने मोबाईलवर दुकानाचं पेज सुरू केलं.

“बाबा, नुसत्या पाटीवर आता कोणी येत नाही. फोटो टाकले पाहिजेत.”

एक दिवस तिने मला उचलून खिडकीपाशी, छान उजेडात ठेवलं. मी सुखावले, पण लगेच मनात पाल चुकचुकली. फोटो काढायचा तर ही माझी धूळ का पुसत नाही? आणि तुटका पायच इतक्या जवळून कशाला?

संध्याकाळी तिने सासऱ्यांना फोटो दाखवले, तेव्हा उलगडा झाला. डावीकडे मी, खाली लिहिलेलं ‘आधी’. उजवीकडे लखलखीत खुर्ची, खाली ‘नंतर’. त्या खुर्चीचा फोटो इंटरनेटवरून कुठून तरी उतरवून घेतलेला होता! दुरुस्तीसाठी मला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

सुताराच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. “माझंच काम ना गं हे?”

“तुमच्यासारखंच आहे, बाबा.”

त्याने आयुष्यभरात इतक्या खुर्च्या दुरुस्त केल्या होत्या, की हीसुद्धा त्यातलीच असेल असं त्याला वाटलं. मला मात्र त्या ‘सारखंच’चा भारी राग आला.

आठवड्याभरात शाळेचं वाचनालय सांभाळणाऱ्या बाई आल्या. त्यांच्याकडे बारा खुर्च्या दुरुस्तीला होत्या. हातातल्या मोबाईलवर तोच फोटो होता. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि तिथेच थांबली.

“अहो, ही तर अजून ‘आधी’च आहे!”

सुताराने चष्मा लावला. फोटो जवळ धरून पट्ट्या मोजल्या. “त्या खुर्चीच्या पाठीला सहा पट्ट्या आहेत, हिला पाच. ताई, हे माझं काम नाही.”

सुनेचे डोळे भरून आले. “चुकले, बाबा. काम झालं की तुम्ही वस्तू लगेच देऊन टाकता. आपल्याकडे झालेल्या कामाचा एकही फोटो नव्हता.”

सुतार बाईंकडे वळला. “आठ दिवसांनी या, ताई. हीच खुर्ची बघा, मग काय ते ठरवा.”

“बघू,” बाई म्हणाल्या, आणि जाताना स्वतःच्या मोबाईलवर माझा फोटो काढून घेऊन गेल्या. बाई अगदी माझ्याच स्वभावाच्या निघाल्या.

मग माझा सांधा उघडला, सरस लागला, पाण्यात भिजवलेला वेत घट्ट विणला गेला. सून रोज फोटो काढत होती. पायाला जोडलेलं नवं लाकूड फिकं दिसत होतं.

“हा जोड फोटोत झाकू का?”

“फोटोत झाकशील. माणूस समोर आल्यावर काय करशील?”

तिने जोडाचाच फोटो सर्वांत मोठा टाकला. ‘पहिला फोटो आमच्या कामाचा नव्हता’, हेही लिहिलं. तेवढं लिहायला तिला अख्खी दुपार लागली.

बाई आल्या. त्यांनी मोबाईलवरचा माझा जुना फोटो उघडून मला पट्टीपट्टीने ताडून पाहिलं, पाय हलवून पाहिला. सून पदराचं टोक चुरगाळत उभी होती. अखेर बाई माझ्यावर बसल्या, मागे रेलल्या.

“उद्या बाराही खुर्च्या पाठवते,” त्या म्हणाल्या. सुताराने चष्मा काढून उगाच पुसला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी मोडकी वस्तू असेल. तिचा फोटो खुशाल काढा. पण फोटो काढून झाला की तिला पुन्हा कोपऱ्यात ढकलू नका. फोटो कितीही छान आला तरी तिचा पाय तुटलेलाच असतो, आणि तुम्ही परत कधी येता याची ती वाट बघत असते.