गरज की हौस

गिरणीवाल्याची थोरली शिकत होती दहावीत, पण शनिवारी दुपारी वीटभट्टीवरच्या पत्र्याच्या शाळेत ती बाई व्हायची. लहानग्यांना पैशाचं शहाणपण शिकवायचं काम तिच्या हायस्कुलानं दहावीच्या मुलांवर टाकलं होतं. बाकीच्यांनी लवकरच काढता पाय घेतला. हिनं मात्र मनावर घेतलं.

"काही घ्यायच्या आधी विचारायचं, ही गरज की हौस? चप्पल?"

"गरज!"

"फुगा?"

"हौस!"

पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची. सगळ्यांत मोठा गळा भिंगरीचा. दुसरीतली पोर, एका जागी टिकेल तर शपथ. तिचा बाप भट्टीवर विटा वाहायचा.

पगाराच्या दिवशी वाण्याच्या दुकानापुढं ही गर्दी. बापानं तंबाखूची पुडी मागितली, तशी भिंगरीनं त्याची बाही ओढली.

"बाबा, ही गरज की हौस?"

गडी खो खो हसले. बापही हसला. पण मुकादम म्हणाला, "घ्या! आता पोरगी हिशेब घेणार ह्याचा!" तसा हशा आणखी वाढला आणि बापाचं तोंड उतरलं. त्यानं फाडकन कानाखाली वाजवली. पोर धुळीत जाऊन पडली.

शनिवारी भिंगरीची जागा रिकामी. काय झालं ते पोरांनी सांगितलं, तेव्हा थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. वर्ग सोडून ती तडक भट्टीवर गेली. लाल धूळ, अंगाला चटके देणारी धग. भिंगरीचा बाप डोक्यावर विटा घेऊन चालला होता.

"काका, ते मी शिकवलेलं. तिचा काय दोष? मारायचं तर मला मारायचं."

त्यानं विटा उतरवल्या, तोंडावरचा घाम निपटला.

"तुला कसं मारू गं? तुझ्या बापाच्या गिरणीत माझं दळण उधारीवर चालतं."

त्यानं भट्टीकडं हात केला.

"दिवसभर ह्या आगीपुढं उभा असतो. तोंडात चिमूटभर तंबाखू असली की भूक मरते. आता तूच सांग, गरज की हौस?"

ती खाली मान घालून परतली. घरी तिनं आईला सगळं सांगितलं.

"कशाला पडतेस लोकांच्या भानगडीत? सोड ते," आई म्हणाली.

सोडायचंच असं तिनं ठरवलंही. पण शनिवार उजाडला तशी निघालीच.

"मागं मी एक अर्धवट शिकवलं," ती पोरांना म्हणाली. "दुसऱ्याची गरज आपल्याला बाहेरून कळत नाही..."

पोरांच्या माना एकाएकी वळल्या. दारात भिंगरीचा बाप उभा होता, नखशिखांत धुळीनं माखलेला. भिंगरी त्याचं बोट धरून मागं दडली होती.

"ताई," तो हळू म्हणाला, "हिला पुढं बसवा."

"का हो, काका?"

त्यानं मान वर केली नाही.

"डाव्या कानानं ऐकू येईना झालंय तिला."