टायरएवढी हवा

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. सायकलचा. हे आधीच कबूल करतो, कारण सगळा घोळ तिथूनच झाला.

लोखंडी नळकांडं, लाकडी मूठ आणि पोटात चामड्याचा एक गोल तुकडा. त्याला वायसर म्हणतात. तो आहे म्हणून मी हवा ढकलू शकतो. सायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी मला घेतलं, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. वीस वर्षं आम्ही टायर भरले. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, तुमची हवा महिनाभर हलत नाही बुवा!" काकांची छाती फुगायची. माझीही.

मग काकांनी गल्लीतल्या पोरापोरींना फुटबॉल शिकवायला घेतलं. रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी. मला एक बारीक सुई जोडली आणि माझी मैदानावर बदली झाली.

काका चेंडू अंगठ्याने दाबून बघायचे. अंगठा जरा आत गेला की म्हणायचे, "ढिलं काम मला चालत नाही." की माझी मूठ अजून चारदा खाली. टायरला शोभेल एवढी हवा! त्यात उन्हाळा. चेंडू तापून आणखीच टणक व्हायचा.

पोरं लाथ मारायची आणि पायाची बोटं धरून नाचायची. चेंडू अंगावर आला की पाठ फिरवायची. डोक्याने मारायची वेळ आली की डोळे गच्च मिटायची. सामन्यात पंचांचा चेंडू मऊ असायचा, पण भीती एकदा अंगात बसली की चेंडू बदलून थोडीच उतरते? पाच सामने हरलो.

"अरे, चेंडू आहे, वाघ नाही!" काका ओरडायचे. "भित्रट कुठले!"

एक दिवस मैदानाच्या रखवालदाराने काकांना गाठलं. "मिस्त्री, एक सामना उरलाय. तो तरी जिंका. नाहीतर सकाळची वेळ मी दुसऱ्या संघाला देणार. कधीची मागतायत ती पोरं."

त्या दिवशी काकांनी एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या चाकाऐवजी मागचं चाक खोललं. दिवसभर दुकान, त्यामुळे सकाळ गेली की संघही मोडणार. मग काकांचं काय होईल, याचा मला विचार करवत नव्हता.

आणि थंडी पडली. गवत ओलं, पोरांच्या तोंडातून वाफा, चेंडू गारठून जरा मऊ पडलेले. काकांनी मला उभं केलं, मूठ दाबली, आणि मी नुसता फुसफुसलो. वायसर सुकून आकसला होता. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऐन वेळी दगा दिलास लेका," काका मला म्हणाले. मग पोरांकडे वळले. "खेळा आज तसंच."

पोरं खेळली आणि मी बघतच राहिलो. चेंडू पायाला लागून पायाशीच थांबत होता! बचावाला एक मुलगी होती, तोंड सतत चालू म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. तिने चक्क उघड्या डोळ्यांनी डोक्याने चेंडू मारला. वर हसलीही.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या वायसरला तेल पाजलं. मी ठणठणीत झालो. सुई चेंडूत जाणार, तेवढ्यात टिटवीने चेंडू पोटाशी धरला.

"काका, नको ना. असाच बरा आहे."

"अगं, हवा कमी आहे त्यात."

"कमी नाही. काल पहिल्यांदा दुखलं नाही."

"म्हणजे रोज दुखायचं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. टिटवीनेही नुसतीच मान, म्हणजे बघा.

"मग बोलला का नाहीत रे?"

"तुम्ही भित्रट म्हणाला असता," गोलकीपर म्हणाला. "तसंही म्हणतच होता म्हणा."

काका हत्यारांच्या खोक्यावर बसले. "भित्रट तुम्ही नव्हता," म्हणाले. "गाढव मी होतो. टायर आणि चेंडू एकच समजलो."

"आणि पंप?" टिटवीने विचारलं.

"तो बिचारा सांगेल तेवढं करतो."

या वाक्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

सामन्याला दहा दिवस होते. दहा दिवस पोरं मऊ चेंडूने खेळली. कुणी पाठ फिरवली तरी काका ओरडले नाहीत. नुसतं म्हणायचे, "पुन्हा."

सामन्यात आम्ही एक गोल पुढे होतो. अगदी शेवटी समोरच्यांना फ्री किक मिळाली. आमची पाच पोरं गोलसमोर भिंत करून उभी राहिली. चेंडू सुसाट आला. पाचांपैकी एकानेही तोंड फिरवलं नाही! चेंडू टिटवीच्या कपाळाला लागून बाहेर गेला आणि पंचांनी शेवटची शिट्टी वाजवली.

रखवालदार काकांना एवढंच म्हणाला, "उद्या फाटक वेळेवर उघडतो." काका मान वळवून उगाच माझी मूठ पुसत बसले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पंपाला थंडीत तेलाचा एक थेंब द्या, तेवढं पुरतं. आणि एक मागणं आहे. कुणी जीव लावून तुमच्यात जास्तच हवा भरत असेल, तर दुखतंय म्हणून तोंडावर सांगा. आम्ही वाईट नसतो हो. आम्हाला सांगितल्याशिवाय कळत नाही.